जर्मन साहेबाचा कोट आणि आमच्या आजोबांचे पदक

जर्मन सैन्यातील एखाद्या अधिकाऱ्याचा ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा लोकरी कोट आज युरोप-अमेरिकेतील लिलावात लाखो रुपयांना विकला जातो. कोटावर हुद्द्याच्या पट्ट्या शाबूत असतील, आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी असेल आणि त्या चिठ्ठीवर अधिकाऱ्याचे नाव असेल, तर बोली आणखी चढते. असे कोट जमविणाऱ्यांचा एक मोठा जागतिक वर्ग आहे. त्यांची जाडजूड पुस्तके आहेत, त्यांचे व्यापारी आहेत आणि त्यांना फसविणारे नकली मालाचे कारखानेही आहेत.

चळवळीच्या वृत्तपत्रात या साहेबी शौकाचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे की, हा शौक आता फक्त साहेबांचा राहिलेला नाही. भुसावळ, जळगाव, धुळ्यातील आपली शिकलेली पोरे मोबाइलवर हे कोट पाहतात. त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्या ओळखतात. ‘काय रुबाब आहे!’ म्हणतात. आमच्या परिचयातील एका तरुणाला जर्मन पायदळाची, तोफखान्याची आणि रणगाडा दलाची किनार कोणत्या रंगाची, हे तोंडपाठ आहे. पायदळाची पांढरी, तोफखान्याची लाल, रणगाड्यांची गुलाबी. उत्तर बिनचूक होते. मग आम्ही त्याला विचारले, तुझे पणजोबा फौजेत कोणत्या पलटणीत होते? त्याने खांदे उडवले. त्या पोराला आम्ही दोष देत नाही. जर्मन कोटाची माहिती देणारी हजार पुस्तके आहेत, पणजोबाची माहिती देणारा घरात एक कागदही नाही. ही तफावत कशी निर्माण झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम कोटाचेच पाहू. जर्मन सैन्यात अधिकाऱ्याला कपड्यासाठी भत्ता मिळे आणि तो आपला गणवेश खासगी शिंप्याकडून अंगाच्या मापाने शिवून घेई. कापड उंची, अस्तर रेशमी, खिशात शिंप्याचे व गिऱ्हाइकाचे नाव. कोट त्याच्या मालकीचा. युद्ध संपल्यावर तो त्याच्या कपाटात राहिला, पुढे मुला-नातवंडांकडे गेला, नाहीतर जिंकलेल्या अमेरिकन शिपायाच्या पिशवीतून समुद्रापार गेला. साध्या जर्मन शिपायाचा कोट मात्र सरकारी कोठाराचा. आतून मापाचे आकडे आणि कोठाराचा शिक्का, नाव नाही. युद्ध लांबले तसे त्यातील लोकर कमी होत गेली आणि हलका कृत्रिम धागा वाढला. तो कोट चिखलात, बर्फात, खंदकात झिजला. जो उरला तो युद्धानंतरच्या टंचाईत बटणे तोडून, रंगवून, उलटवून पुन्हा शिवला गेला. म्हणून आज अधिकाऱ्यांचे कोट त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त दिसतात आणि लक्षावधी शिपायांचे कमी. कापड कोणाचे टिकते? ज्याच्याकडे दुसरे कापड घालायला असते त्याचे टिकते. संग्रहालयात गेल्यावर आम्हाला हे नेहमी जाणवते. काचेच्या कपाटात जे दिसते तो इतिहास नसतो, तो इतिहासातील मालक वर्ग असतो.

आता या कोटाच्या आतला माणूस. हिटलरच्या राजवटीतील हा गणवेश ज्या विचारासाठी शिवला गेला, तो विचार आपल्या ओळखीचा आहे. काही माणसे जन्माने श्रेष्ठ, काही जन्माने नीच, नीचांच्या स्पर्शाने रक्त बाटते, आणि म्हणून त्यांना वस्तीबाहेर, मग देशाबाहेर, मग जगाबाहेर घालवायचे. हे ऐकून ज्याला आपल्या गावकुसाची आठवण होत नाही त्याने पुन्हा एकदा ऐकावे. आपल्याकडे बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचे आत्मचरित्र ‘यशस्वी व्हा’ छापाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते. ते विकत घेणाऱ्यांत आपलीही मुले असतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जर्मन भाषा येत होती. १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठात नावही नोंदविले होते. जर्मनीच्या विद्येविषयी त्यांना आदर होता. परंतु दुसऱ्या महायुद्धात त्यांची भूमिका लख्ख होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ च्या अखेरीस त्यांनी नभोवाणीवर भाषण करून, हिंदी कामगाराला हे युद्ध जिंकलेच पाहिजे असे का वाटते, हे सांगितले. नाझी व्यवस्था ही स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व यांच्या मुळावर येणारी आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्याच काळात दुसरीकडे सुभाषबाबूंच्या प्रयत्नाने जर्मनीत हिंदी युद्धकैद्यांचे एक दल उभे राहिले. सुमारे तीन हजार हिंदी जवान जर्मन गणवेश घालून, बाहीवर झेप घेणाऱ्या वाघाचा तिरंगी बिल्ला लावून उभे होते. त्या बिल्ल्याला आज संग्राहकांच्या बाजारात मोठी मागणी आहे आणि नकली बिल्लेही भरपूर आहेत. देशभक्तीच्या हेतूबद्दल आम्ही वाद घालत नाही. पण १९४४ च्या ऑगस्टमध्ये हे दल हिटलरच्या एसएस संघटनेच्या सशस्त्र शाखेकडे सोपविले गेले, हेही त्या वाघाच्या बिल्ल्याबरोबर सांगितले पाहिजे. बिल्ला विकणारा ते सांगत नाही.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही. हे रुबाबदार कपडे शिवले कोणी? जगभर मोठमोठ्या दुकानांत मिरवणाऱ्या ह्यूगो बॉस या कंपनीचा मेट्झिंगेन गावातील कारखाना त्या काळी नाझी संघटनांचे आणि सैन्याचे गणवेश शिवत असे. तेथे सुमारे १४० वेठबिगार कामगार होते, त्यांतील बहुसंख्य स्त्रिया. शिवाय ४० फ्रेंच युद्धकैदी. कंपनीने २०११ साली स्वतःच्या इतिहासाचे संशोधन प्रसिद्ध होऊ दिले आणि माफी मागितली. वेठबिगारीने शिवलेला कोट म्हटल्यावर वेठबिगारी भोगलेल्या समाजाला निराळे काही सांगावे लागत नाही.

मग असे कपडे जाळून टाकावेत काय? नाही. आमचे मत तसे अजिबात नाही. जर्मनीत नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन हा गुन्हा आहे, तरी अभ्यासासाठी आणि संग्रहालयासाठी ती जपण्यास मुभा आहे. पोलंडमधील आउश्वित्झच्या छळछावणीच्या जागी आज संग्रहालय आहे. तेथे कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे जपले आहेत आणि मारल्या गेलेल्या माणसांची एक लाखाहून अधिक पादत्राणे आहेत. त्यांत लहान मुलांची सुमारे आठ हजार. ही चिमुकली पादत्राणे कुजू नयेत म्हणून तज्ज्ञ प्रयोगशाळेत बसून एकेक जोडा स्वच्छ करतात. ज्यांना कोणी माणूस मानले नव्हते त्यांच्या चपलेला तेथे राजाच्या मुकुटाइतकी काळजी मिळते. संग्रह करावा तर असा करावा.

यावरून आपल्याकडे वळू. कपडा हा आपल्या देशात कधीच नुसता कपडा नव्हता. धुळ्याहून आग्रा रोडने सातपुडा ओलांडून गेले की इंदूरचा मुलूख लागतो. १९२८ च्या जानेवारीत तेथील सवर्णांनी बलाई समाजावर जी बंधने लादली, ती बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणात जगापुढे ठेवली आहेत. सोनेरी काठाची पगडी घालायची नाही. रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. विरोध केला तेव्हा विहिरी बंद झाल्या, गुरे चारणे बंद झाले. एका धोतराच्या काठासाठी माणसांचे पाणी तोडले गेले. अशा देशात एखादा महार तरुण पलटणीतून सुट्टीवर आला, पायात बूट, अंगात खाकी कोट, कमरेला पट्टा, आणि पाटलाच्या वाड्यावरून सरळ चालत गेला, तर त्या चालण्याचा अर्थ काय होता? जर्मन अधिकाऱ्याचा कोट घालणारा सत्तेवर होता म्हणून कोट रुबाबदार. आपल्या आजोबांचा कोट मात्र अंगावरची बंदी मोडणारा होता.

तो कोट सहजासहजी मिळालेला नाही. कंपनी सरकारच्या काळी शिपायाच्या तुटपुंज्या पगारातून कपड्याचे पैसे ‘हाफ माउंटिंग’ या नावाने कापले जात. एवढे करून १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा येथे लढलेल्या शिपायांची नावे स्तंभावर कोरली गेली. ‘नाक’ हा प्रत्यय असलेली ती नावे आपण आजही बोटाने वाचतो. पुढे लढाऊ आणि बिनलढाऊ जमातींचे थोतांड निघाले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. म्हणजे पुन्हा अंगातून कोट काढून घेतला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली, आणि काम झाल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. अवघे चार वर्षांचे आयुष्य. नंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज तिच्या बिल्ल्यावर फुली मारलेल्या दोन मशीनगन आणि खंजीर आहे. या रेजिमेंटमधून जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख झाले.

खानदेशच्या मातीत गणवेशाची आणखी एक जुनी कथा आहे. १८२५ साली जेम्स आऊटरम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला ठाणे करून खानदेश भिल्ल कोअर उभी केली. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होते त्यांनाच शिपाई करून डोंगर ताब्यात घेण्याची ती युक्ती होती. आणि सरकारी चाकरीत सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ साली ती चाकरी झुगारून सातपुड्यात बंडाला उभा राहिला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला त्याच्या भिल्लांनी सरकारी फौजेशी झुंज दिली. आऊटरमचे पुतळे उभे राहिले, चरित्रे निघाली. त्याच्या हाताखाली कवायत केलेल्या भिल्ल शिपायाचा अंगरखा कोणी जपला?

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरांत काय उरले आहे? धरणगाव, एरंडोल, पारोळा, साक्री, शिरपूर या बाजूला आम्ही जेथे जेथे विचारले तेथे बहुधा एकच कहाणी ऐकू आली. आजोबांचा कोट होता. थंडीत शेतावर जागलीला जाताना घालायचे. मग कोपरे फाटले, मग त्याचे तुकडे गोधडीच्या आत गेले. उरलासुरला कोट बोहारणीने नेला आणि त्याच्या बदल्यात स्टीलचे पातेले दिले. यात कोणाला नावे ठेवायची? ज्या घरात पांघरायला नव्हते तेथे लोकरीचा कोट गोधडीत जाणारच. जर्मन शिपायाच्या घरीही तेच झाले. गरिबाचा गणवेश त्याला वापरूनच संपवावा लागतो.

पदकांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तेथे आम्हाला खरी हळहळ वाटते. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना ब्रिटिश वॉर मेडल मिळाले. ते चांदीचे, वजनाला सुमारे अडीच तोळे. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जेथे दाते असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून पाहिले की वाचता येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने स्वतःच्या गोऱ्या शिपायांच्या पदकांवर नावे घातली नाहीत. हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र ती घातली गेली. म्हणजे ज्या समाजाचे नाव गावच्या कोणत्या दप्तरात मानाने लिहिले गेले नाही, त्याच्या माणसाचे नाव सरकारी टाकसाळीच्या धातूवर ठोकलेले आहे. जर्मन कोटाच्या खिशातील चिठ्ठीला लाखाची किंमत येते ती नावामुळेच. तेच नाव आपल्या पेटीत पडून होते.

आणि आपण काय केले? जळगावचा सराफ बाजार सोन्याचांदीसाठी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेला. मुलीचे लग्न निघाले, आजारपण आले, दुष्काळ पडला, की अडीच तोळे चांदी बाजारात गेली. सराफाने वजन केले, पैसे दिले, पदक मुशीत टाकले. कडेवरचे नाव वितळले. त्या चांदीची कोणाच्या तरी पायात पैंजणे झाली असतील. पैंजण घालायला बंदी असलेल्या समाजाच्या लेकीच्या पायात ती आली असतील, तर त्या आजोबांनाही वाईट वाटले नसते. पण नाव गेले ते गेले.

येथे एक विचित्र योगायोग आहे. ब्रिटिशांनी पदकातही चातुर्वर्ण्य पाळले होते. जुन्या सरहद्दीवरच्या मोहिमांत बंदूक धरणाऱ्याला चांदीचे पदक आणि त्याच मोहिमेत पाणी वाहणारा, ओझी उचलणारा, झाडलोट करणारा जो ‘फॉलोअर’, त्याला त्याच शिक्क्याचे ब्राँझचे पदक. तिबेटच्या १९०३-०४ च्या मोहिमेचे असेच आहे. पहिल्या महायुद्धातही मजूर पलटणींना ब्रिटिश वॉर मेडल ब्राँझचे दिले. गोळी दोघांना सारखीच लागत होती. पण सराफ ब्राँझ घेत नाही. म्हणून कमी लेखून दिलेली ही पदके मुशीतून वाचली. जुन्या डब्यात, सुई-दोऱ्यात, कुलपाच्या किल्ल्यांसोबत ती कोठे कोठे पडून असतील. काळी पडलेली, मुलांनी खेळलेली. तीच आज शोधायची आहेत.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. राजवाडे गावोगाव फिरून सरदार-देशमुखांच्या वाड्यांतून दप्तरे उचलून आणीत. वाड्यात रद्दी म्हणून पडलेला कागद त्यांनी इतिहास केला. त्यांच्या मतांशी आमचे जमणे शक्य नाही, पण त्या माणसाच्या पायपिटीचे मोल आम्ही मान्य करतो. आपल्या वस्तीत तशी पायपीट कोणी केली? धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब १९३७ च्या जुलैअखेर येऊन गेले. त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला तेथे हजारो बांधव जमतात. पाऊस असो वा चिखल, माणसे बायकापोरांसह येतात. त्या दिवशी एका टेबलावर भिंग, वही आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन चार शिकलेली पोरे बसली आणि ‘घरात पदक, पेन्शनचे बुक, डिस्चार्जचा कागद, पलटणीतला फोटो असेल तर आणा, आम्ही वाचून नोंद करतो, वस्तू तुमची तुमच्याकडेच राहील,’ असे म्हणाली, तर किती नावे निघतील? किनारीचे रंग तोंडपाठ असणाऱ्या आमच्या तरुण मित्राला आम्ही हेच काम सुचविले आहे. त्याची नजर तयार आहेच.

बाबासाहेबांच्या वस्तूंबाबत आपल्या लोकांनी हे करून दाखविले आहे. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयाला माईसाहेबांनी बाबासाहेबांच्या वस्तू दिल्या. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कोट, कपडे आणि टाइपरायटर निष्ठेने जमवून ठेवले. परंतु निष्ठा असली तरी कापडाला कसर लागायची ती लागतेच. तेथील कपडे टिकविण्यासाठी पुढे रासायनिक प्रक्रिया करावी लागली. तेव्हा घरात जुना गणवेश असलाच तर काही गोष्टी आताच सांगतो. तो धुऊ नका आणि इस्त्री करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. स्वच्छ धुतलेल्या, बिनरंगाच्या सुती कापडात सैल गुंडाळा, वर्षातून दोन-तीनदा उघडून सावलीत वारा द्या. खिळ्याला टांगू नका, खांद्यावर फाटतो. पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका. चमक येते, पण कडेवरची अक्षरे झिजतात. फीत जुनी विटकी असेल तरी तीच ठेवा.

घरी कोणी गोड बोलणारा खरेदीदार आला आणि काळ्या पडलेल्या पदकाचे पाचशे-हजार देऊ लागला, तर जरा थांबा. त्याला कडेवरचे नाव वाचता येते, म्हणूनच तो आला आहे. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, असा १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत. उलट तुम्हीच बाजारातून विकत घ्यायला निघालात तर सावध राहा. नकली जर्मन कोट तयार होतात तसे नकली बिल्लेही होतात. जर्मन कोट पारखणारे लोक जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली कापड धरतात. युद्धानंतरच्या कृत्रिम धाग्याने शिवण घातली असेल तर ती चमकते आणि लबाडी उघडी पडते. स्तंभाच्या बिल्ल्याविषयी आपल्या भावना तीव्र आहेत, आणि जेथे भावना तीव्र तेथे नकली माल आधी पोहोचतो.

कागद नसेल, पदक नसेल, तरी म्हातारी माणसे अजून आहेत. आजोबांचा नंबर नाही, पण पलटणीचे नाव, कोणत्या ठाण्यावरून पत्र यायचे, पेन्शन आणायला कोणत्या गावी जायचे, एवढे पणतवंडाला सांगू शकणारी एखादी नव्वदीची आजी वस्तीत असते. तिच्याकडे या रविवारी जावे. जाताना वही न्यावी, आणि परवानगी मिळाली तर तिच्या गोधडीची शिवण जेथे उसवली आहे तेथे आत डोकावून पाहावे. खाकी रंग ओळखू येतो.